तात्पुरतं

महापे, सातवा मजला. संध्याकाळचे साडेसहा.
बिलाच्या फाइलीत, चारशे बारावी ओळ.
वर कुणी लिहून ठेवलंय :
‘तात्पुरतं. सोमवारी काढतो.’

त्या सोमवारला नऊ वर्षं झाली.
लिहिणारा आता कुठे असतो, कुणाला ठाऊक नाही.
त्याच्या त्या ओळीवर मात्र
अकरा फाइली रेलून उभ्या आहेत.

मी म्हटलं, चालतंय ना, असू दे.
मढवी मॅडमनी खुर्ची ओढली.
घणसोलीच्या त्या; वडील खारबांधाच्या राखणीला असायचे.
“लोक म्हणतात, बांध उधाणाने फुटला.
बाबा म्हणायचे, छे, चिंबोरीने फोडला.
उधाण नुसतं
बीळ शोधत येतं.”

म्हणून रोज ओहोटीला
हातात चिखलाचा गोळा घेऊन
गुडघाभर गाळात ते
बिळं चाचपत जायचे.
न फुटलेल्या बांधाची बातमी होत नाही.

तीन फाइली सोडवल्या आम्ही.
टेस्ट दोनदा लाल, मग हिरवी.
कंपनीची शेवटची बस गेली.
आठ उरल्या.

निघता निघता आठवलं,
दुपारी घाईत एक ओळ मीही खुपसली होती.
परत बसलो. तिच्यावर माझं नाव लिहिलं,
आणि तारीख.
सोमवारची नाही,
उद्याची.