अडतीस मिलिमीटर

माझ्या खिशात पोलादी पट्टी असते,
आणि तिच्यावर, चाळिसाच्या रेघेपाशी,
माझ्या आधीच्या निरीक्षकानं
नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय.
ठिपका कडेखाली गेला तर खड्डा.
वर राहिला तर
'पृष्ठभागाची किरकोळ झीज',
पुढची पाहणी सहा महिन्यांनी.

यॉर्कशायरच्या ह्या खोऱ्यात सतरा वर्षं मी हेच करतोय.
हिवाळ्यात पाणी फटीत शिरतं, रात्री गोठतं,
फुगतं, डांबराला आतून खांदा लावतं,
सकाळी वितळतं आणि अंग काढून घेतं.
(कौन्सिलमध्येही अशी माणसं आहेत.)

मिस ओल्डरॉइडची पहिली तक्रार नोव्हेंबरातली:
"टेंटर लेन, चौदा नंबरासमोर. छत्तीस."
ना नमस्कार, ना संताप.
बाकीचे लिहितात विहीर, दरी, चंद्रावरचं विवर,
आमचा कर कुठं मुरतो, टायरचे पैसे कोण देणार.
एकानं तर खड्ड्यात आपला बूट ठेवून फोटो पाठवला.
बूट नवा होता. खड्डा बावीस.
मी टेंटर लेनला गेलो, मोजलं: छत्तीस.
"विणायच्या सुयांच्या पट्टीनं मोजलंय," ती दारातून म्हणाली,
"चूक काढायची तर काढा."

डिसेंबर: सदतीस.
जानेवारी, दोन कडक रात्री: अडतीस.
मग फेब्रुवारी ऊबदार निघाला आणि खड्डा
अडतीसवर हटून बसला.
मी तिला नियम समजावला, तोंडपाठ आहे तो.
ती म्हणाली, "म्हणजे आणखी गोठायची वाट बघायची."
मी म्हटलं, "तसं नाही."
तसंच होतं.

तेवढ्यात वळणावरून पेशंटांची व्हॅन आली.
मागच्या सीटवर तिचा भाऊ, सिरिल,
आठवड्यातून तीनदा डायलिसिसहून परतणारा,
डावा हात उशीवर, दुसऱ्याचं बाळ धरावं तसा.
चालकानं गाडी गोगलगाईसारखी आणली.
तरी चाक उतरलं, चढलं,
आणि काचेआड ओठ आवळले गेले.
आवाजसुद्धा नाही.
तिनं तक्रारीत हे कधीच लिहिलं नव्हतं.
फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही,
मी ऑफिसात जाऊन पुन्हा पाहिलं.

गुरुवारी, उजाडायच्या आधी, मी तिथं होतो.
स्क्रूड्रायव्हर माझा स्वतःचा, घरचा.
तळाशी दोन खडे सुटत आले होते
दुधाच्या दातांसारखे. एक आपणहून निघाला,
दुसऱ्याची थोडी समजूत घालावी लागली.
पट्टी उभी केली. लाल ठिपका खाली गेला.
भोवती पिवळी चौकट मारली,
फॉर्मवर लिहिलं: एक्केचाळीस.
सतरा वर्षांत हा एकच आकडा
मला मोजायच्या आधी ठाऊक होता.

मंगळवारी टोळी आली. गरम डांबर, वाफ,
छोटा रोलर, अर्ध्या तासाचं काम.
शेजारचा, पस्तीसचा, तसाच ठेवला त्यांनी;
हुकूम एकाच चौकटीचा होता.

शुक्रवारी तिची नवी तक्रार, तेच अक्षर:
"बारा नंबरासमोर. पस्तीस. घाई नाही.
तुमचे दोन खडे रस्त्याकडेला राहिले होते.
उचलून ठेवलेत."