आठ पॉइंट एक

सारेमा बेटावर, पहाटे चारला
लेइदा कास्क यांचा रिपोर्ट आला.
हिमोग्लोबिन आठ पॉइंट एक.
आठच्या खाली असतं तर प्रश्नच नव्हता.
दहा असतं, तरी नव्हता.

वय ब्याऐंशी. खुब्यात कालपासून एक सळी.
सरपण आणायला गेल्या आणि पायरीवरच्या बर्फानं पाडलं.
"ओंडका एकही सोडला नाही मी," सांगतात,
जणू ऑपरेशन त्याचंच होतं.

डॉक्टर ताव्ही नवा आहे.
तार्तूहून फोनवर वरिष्ठ म्हणाले,
आकड्याला नाही, माणसाला रक्त द्यायचं.
म्हणजे काय, हे फोन ठेवल्यावर
तो मला विचारतो.

छातीत दुखतं? नाही.
धाप? नाही.
चक्कर?
"उभं तर करा, मग सांगते."

चाळीस वर्षं त्या बंदरावर मासळी तोलायच्या.
"काटा हलतोय तोवर आकडा वाचू नये, पोरा.
आणि पारड्यावर कुणाचं बोट नाही ना, तेही बघावं."

पिशवी फ्रिजबाहेर येऊन अकरा मिनिटं झालीत.
अर्ध्या तासात परत ठेवायची, नाहीतर वापरायची.
वाऱ्यानं फेरी बंद आहे,
या गटाच्या आत अजून दोनच,
आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी बाळंत होतंय.
हे मी मोठ्यानं बोलत नाही.
बोलले तर लेइदा लगेच म्हणतील, मग मला नको,
आणि आम्ही ते लगेच
ऐकून घेऊ.

वॉकर. एक पाऊल. दुसरं.
तिसऱ्याला ओठ पांढरे.
"चक्कर?"
"छे."
पण माझं मनगट त्यांनी असं धरलं
जसा उधाणात दोर धरतात.
ताव्हीनं त्यांचा चेहरा नाही, तो हात पाहिला.
नाडी एकशे चोवीस.

"एकच पिशवी. हळू. मग पुन्हा बघू,"
म्हणाला, आणि या वेळी
माझ्याकडे वळून विचारलं नाही.

थेंब पडू लागले.
लेइदा वर बघत होत्या, काट्याकडे बघावं तशा.
"किती भरतं?"
पावणेतीनशेच्या आसपास.
"पाव किलोच्या वरच की. पावती कुणाच्या नावानं?"
नाव नसतं, म्हटलं, नुसता क्रमांक असतो.
"मग तो वाच."

वाचला. सगळा, लांबलचक.
त्या पुटपुटत राहिल्या,
मध्येच चुकत,
पुन्हा पहिल्यापासून.