डोलकाठी मक्सूर

हवल्लीच्या तळघरात, केबलींच्या गुंत्यातल्या आमच्या दुकानात
अबू याकूब कॉम्प्युटर कडेवर घेऊन आले,
तापलेलं नातवंड आणावं तसे.
म्हणाले, मक्सूर.
मी विचारलं, काय मोडलंय?
म्हणाले, डोलकाठी.

बाहेर अठ्ठेचाळीस. आत एसी गळतोय, खाली पेंटची बादली.
निमलने वायरी जोडल्या, गेम उघडला.
समुद्र. त्यावर एक बगला, शीड फुगलेलं.
ठीक तर आहे, मी म्हणणार
तोच म्हाताऱ्यांनी माउस डावीकडे ओढला
आणि डोलकाठी आडवी कापली गेली :
खालचा तुकडा वळून पुढे गेलेला,
वरचा, निशाणासकट,
अजून मागच्या क्षणात उभा.
थांबलं की सांधते.
वळलं की पुन्हा फाटते, या वेळी हातभर खाली.

माझे अब्बा खेडला शिंपी.
त्यांना मी सांगून ठेवलंय, तुमचाच धंदा करतो,
लोक फाटलेलं आणतात, मी नीट करून देतो.
पण ही चीर एका जागी राहत नाही.
रफू घालणार कशावर?

समजावायला बसलो. अरबी माझी तोडकी, बाकी हातवारे.
बघा, पडदा रंगवतो वरून खाली,
ओळीखाली ओळ, सेकंदाला साठ वेळा,
शिडीवरून उतरत भिंत रंगवणाऱ्यासारखा.
कार्ड मात्र नवं, अंगात रग,
सेकंदाला एकशे चाळीस चित्रं काढतं
आणि एकासाठीही थांबत नाही.
रंगारी अर्ध्या भिंतीवर आलेला असतो
तोच हे त्याच्या हातातला नमुना बदलतं.
वर जुनं, खाली नवं.
मोडलेलं कोणीच नाही, बाबा.
दोघांचं जमत नाही, एवढंच.

मेनूत खाली एक चौकोन असतो, व्ही-सिंक.
त्यात टिक केली.
म्हणजे कार्डाला बजावलं :
चित्र झालं? धरून उभा राहा.
रंगारी तळाला पोचेल, शिडी चढून परत वर जाईल,
त्या रिकाम्या श्वासात दे. मधेच नको.

डोलकाठी अखंड. ओढा, वळवा, गरगरा फिरवा,
तळापासून निशाणापर्यंत एकच काठी.
निमलने टाळी वाजवली.

आता खोट सांगायला हवी होती, म्हणून सांगितली.
बंदूकवाले पोरगे हा चौकोन रिकामाच ठेवतात,
फाटलेलं चालतं त्यांना, उशीर चालत नाही.
तुमचं सुकाणू आता किंचित उशिरा ऐकेल.
बोट आधी हलेल, बगला मागून.

अबू याकूबांनी पुन्हा सुकाणू फिरवलं.
वाट पाहिली. गलबत वळलं.
मग इतके हसले की चष्मा काढावा लागला.
बाप नूखिदा होता, म्हणाले,
आमच्याकडचा नाखवा तो हाच शब्द असावा.
लहानपणी सुकाणूला हात लावू द्यायचा
आणि सांगायचा, फिरव, आणि आता गप्प बस.
जहाजाला कळायला वेळ लागतो.
सकाळपासून हे लगेच वळत होतं ना,
मला तेच खोटं वाटत होतं.

पाऊण दिनार घेतला. निमल म्हणाला, एका टिकेचे?
मी बादली ओतून आलो.

दुपारी शटर अर्धं ओढून खेडला फोन.
तिकडे संध्याकाळ, मशीनवरचा बल्ब लागलेला.
रोज आम्ही एकमेकांच्या वाक्यात घुसतो,
अर्धं त्यांचं, अर्धं माझं, कुणालाच पुरतं ऐकू न येता
रिचार्ज संपतो.
आज मी त्यांचं वाक्य तळाला जाऊ दिलं.
काज, बटणं, सुईत न जाणारा दोरा,
सगळं.
मग आणखी एक श्वास थांबलो.

पलीकडून अब्बा घाबरून म्हणाले,
हॅलो? आहेस ना रे?
कट झालं वाटतं.