नेमणूक

सस्कॅचवानमधलं गाव. बाहेर उणे एकतीस.
चर्चच्या तळघरात कॉफी, बटाट्याच्या पातळ पोळ्या,
आणि माझी मुलाखत.

शास्त्राचं कुणी विचारलंच नाही.
टॉरल्फ म्हणाला, वीस मिनिटांच्या वर गेलात
तर ट्रकची बॅटरी बसते.
ऑर्गनवाल्या बाईंना वरच्या पट्टीतली भजनं नकोत.
एकाला हवा होता रागावणारा,
त्याच्याच बायकोला न रागावणारा.
मी मान डोलावत गेलो.

मग शेवटच्या खुर्चीतून रॅगनहिल्ड आजी:
"इथे जानेवारीत मेलेलं माणूस
एप्रिलपर्यंत शेडमध्ये थांबतं,
जमीन सुटेपर्यंत.
तोवर माझ्याविषयी काय बोलायचं
ते राहील ध्यानात?"

कॉफी निवली होती.
मी खिशातली वही काढली.
"सांगा," म्हटलं, "सुरुवातीपासून."

"आधी," त्या म्हणाल्या,
"कोट काढा."