जुना तू

इडिथ ऑल्डरसनला मी नवी प्रत नेऊन दिली,
मोठ्या टायपातली.
स्वेलडेलमध्ये त्या दिवशी गारा पडत होत्या,
चुलीजवळच्या खोक्यात एक अशक्त कोकरू.

म्हटलं, यात सगळं सोपं केलंय, बाई.
तुमच्या जुन्यात 'सोसा' लिहिलंय तिथे म्हणायचं होतं 'येऊ द्या',
आणि 'चपळ' म्हणजे तेव्हा नुसतं 'जिवंत'.
चारशे वर्षांत एवढं व्हायचंच.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"चपळ नसले तरी जिवंत आहे मी."

चष्मा पुसून तिनं एक स्तोत्र काढलं,
आधी नव्यात, मग जुन्यात,
ओळीखालून बोट फिरवत.
"इथला तू कुठे गेला?"

मी समजावलं: तो शब्द आता कोण वापरतं?
फार भारदस्त वाटतो,
लोक बिचकतात.

"भारदस्त?
किट मला चाळीस वर्षं तूच म्हणायचा.
कुत्र्याला तू, अडलेल्या मेंढीला तू,
रात्री दोन वाजता, कोपरापर्यंत हात आत घालून,
तू गं, तू, ये.
तुम्ही म्हणायचा तो फक्त
जमीनदाराच्या कारकुनाला."

लीड्सच्या कॉलेजात मी तीन वर्षं ग्रीक शिकलो.
तिथं हे कुणी सांगितलं नव्हतं.

कोकरू धडपडून उभं राहिलं, पडलं.
ती त्याला काहीतरी म्हणाली;
मला एकच अक्षर कळलं.

नवी प्रत तिनं ठेवून घेतली.
अक्षर बरं आहे, म्हणाली,
गोष्टी वाचेन यात.
बोलायचं असेल तेव्हा
ती आहेच.