खुंट

कळमन्याच्या अडत्यासाठी काट्याचं सॉफ्टवेअर करतोय.
गायत्रीनगर. रात्रीचे अकरा. कूलरमधलं पाणी संपलेलं.
लांजेवारांचा फोन :
"फुकटचं हाय ना भाऊ, मंग वाचून काय राह्यला?"

एकशे चौदा तुकडे आहेत यात परक्यांनी लिहिलेले.
बहुतेकांचं म्हणणं एवढंच :
विका, खुशाल कमवा,
आमचं नाव तेवढं खरवडू नका.
एक मात्र अडून बसलाय –
मला घेऊन जे घडवाल
ते ज्याच्या हाती द्याल
त्याला आतली वीणही द्या, उसवता येईल अशी.

काटोलला बाबा
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचे,
सुतळी दातात धरून.
पेट्या गेल्या कुठे कुठे,
खाली मूळ कोणाचं
कोणी विचारलं नाही.
जंबेरीनं काही लिहून ठेवलं नव्हतं.

लांजेवारांना सांगितलं :
विकता येतं. पण कोड तुमच्या हाती द्यावा लागेल,
उद्या दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घ्याल.

पलीकडे पंखा ऐकू आला बराच वेळ.
"मंग तुले काय उरन?"

मी फाइल पुन्हा वर सरकवली.
एक साल.
एक नाव, मला नीट उच्चारता न येणारं.