पंधरावं पातं

वूच या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या रस्त्यांखाली बुजवलेल्या.
तिथल्या एका दूध-खानावळीत, खिडकीपाशी,
नोव्हेंबरातला साडेतीनचा उजेड संपायच्या आत
मी लेन्स बघायला बसले.

संपायच्या आत, कारण गेल्या वर्षी
ग्दान्स्कहून टपालाने आलेल्या एका भिंगात
बुरशी निघाली होती, नीट वळणदार,
गोठलेल्या तावदानावर नक्षी उमटते तशी.
दुधाने तोंड पोळलेलं;
आता दूध-खानावळीतही फुंकर मारूनच सुरुवात.

वित्सेंतीने ती मफलरमधून काढली.
पंच्याऐंशी मिलिमीटर, ॲल्युमिनियमचं अंग,
अंगठा बसतो तिथला रंग उडालेला.
"साडेचारशे झ्वॉती," म्हणाला,
आणि बार्लीच्या सूपमध्ये चमचा बुडवला,
विषय संपल्यासारखा.

मी दिवसभर लोकांचे खोटे दात घडवते.
ही काही धर्माची गाय नव्हती, दात मोजायचेच होते.
आधी वास घेतला: तळघर नाही, तंबाखू.
कानाशी हलवली. खुळखुळली नाही.
फोकसची कडी जड, पण कुठे न अडकणारी,
थंडीत मध ओतावा तशी.
मागून टॉर्च लावला.
धूळ होती. धुळीचे पैसे मी कापत नाही,
साठ वर्षांच्या काचेत धूळ नसली की मला संशय येतो.
पुढच्या काचेवर एक ओरखडा, पापणीच्या केसाएवढा.
नख फिरवलं; नखाला लागला.
तीस कमी, मनातल्या मनात.
मग मागचे स्क्रू.
दोघांच्या खाचा शाबूत,
तिसऱ्याची चिरडलेली.

"ही कुणीतरी उघडलीय."
"कुणीतरी नाही," तो म्हणाला. "मी."

छिद्र पूर्ण मिटवून त्याने ती माझ्यासमोर धरली.
पंधरा पाती. चौदा काळी.
एक, जरासं निळसर.

"गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात तुटलं.
मी मागांचा मेकॅनिक. असलं पातं मिळणार कुठे?
मागाच्या पायाखाली सरकवायची पोलादी पट्टी होती घरी,
कागदाहून पातळ. तिच्यातून कापलं.
अकरा वाया गेली."

मी काही बोलले नाही.
माझ्याकडेही निळा कागद असतो,
माणूस त्यावर चावतो, म्हणतो, अजून उंच लागतंय,
मी घासते, तो पुन्हा चावतो.
अकरा म्हणजे फार नाहीत.

पण उघडलेल्या लेन्सचा भाव पडतो, हे सगळ्यांना ठाऊक.
"तीनशे," माझं तोंड म्हणालं.

त्याने पावाने वाडगा पुसला.
"तीनशे चाळीस. आणि इथे कडेला एक डाग आहे,
तुम्ही टॉर्च फार सरळ धरला, दिसला नाही.
त्याचे दहा सोडतो."

कॅमेऱ्यावर चढवून मी त्याचेच फोटो काढले,
दर छिद्राला एक:
वित्सेंती चमच्यासह, वित्सेंती चमच्याविना,
वित्सेंती, "पुरे आता."
बाहेर दिवे लागले होते.
त्याच्या खांद्यामागे, चारच्या छिद्राला,
प्रत्येक दिव्याचं गोल चांदणं झालं होतं,
आणि प्रत्येकाला एकाच जागी
बारीकसा कोपरा.

त्याने चष्मा लावून पडद्यावर पाहिलं.
बराच वेळ.
"दिसतं की. मग अजून वीस कमी करा."
"त्याचे नाही कापत," मी म्हणाले.
का म्हणाले, माहीत नाही. घासाघिशीत असं बोलू नये.

तीनशे चाळीस मोजले; त्याच्याकडे दहा सुटे नव्हते.
त्या दहाचं त्याने सफरचंदाचं कोंपोत मागवलं,
दोन पेले. कोमट होतं, साखर जास्त.

ट्राममध्ये लेन्स कोटाच्या आतल्या खिशात.
तिसऱ्या थांब्यावर आठवलं:
ओरखड्याचे तीस
मोठ्याने म्हणायचे राहूनच गेले.